दुर्गेशचा रिप्ले

आठवडा होत आला, दुर्गेशनं एकही मॅच पाहिली नव्हती. दुसऱ्या एखाद्या आईला बरं वाटलं असतं. चंदाला मात्र हे काही गोड लागेना. जो पोरगा परीक्षेच्या आदल्या दिवशीही मोबाईल भिंतीला टेकवून परदेशातले फुटबॉलचे सामने बघायचा, तो आता जेवला की तोंड फिरवून पडायचा. ताप नाही, कोणाशी भांडण नाही. एखाद्या पोरीचं प्रकरण असतं, तर गावानं तिला कधीच सांगितलं असतं. मग झालं काय याला?

सामना बघणं म्हणजे दुर्गेशच्या लेखी निम्मं रेफ्रीशी भांडणं. दोन-चार मित्र जमले की घर डोक्यावर घेत. गोल झाला तरी कोणी उड्या मारत नसे. थांबा, आता व्हिडिओ बघतील, रेषा ओढतील, मग ठरेल. पाच-पाच मिनिटं खेळ खोळंबायचा आणि शेवटी कोणाच्या तरी पायाचं बोट पुढे होतं म्हणून गोल रद्द.

"माणसाच्या हातून चुका होतात रे," चंदा स्वयंपाकघरातून म्हणायची.

"चूक तं कधी इकडे, कधी तिकडे व्हायले पायजे न, आई. दरवेळी मोठ्या टीमच्याच बाजूनं कायले होते? अन् त्या बंद खोलीत टीव्हीसमोर जो बसून राहिला, तो कोणाचा माणूस आहे, तुले मालूम आहे का?"

चंदाला मालूम नव्हतं. ती राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाली होती, पण ऑफसाइड तिला कळावा म्हणून दुर्गेशला ताटात वांग्याच्या फोडी मांडाव्या लागल्या होत्या. पास येतो त्या क्षणी गोलकीपर सोडून समोरच्या टीमच्या शेवटच्या गड्याच्या पुढे जाऊन उभं राहायचं नाही, एवढं तिनं लक्षात ठेवलं होतं.

दुर्गेशचं देवरीच्या बसस्टँडजवळ व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. बाप दुधराम रायपूरच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा, त्यामुळे पोराला वळण लावणं असो की कॅमेरा घेऊन देणं असो, सगळं चंदानंच केलं. हात चांगला होता पोराचा. लग्नाच्या ऑर्डरी दूरदूरच्या जंगलपट्टीतून यायच्या. लग्नात एखादा क्षण हातचा सुटला, तर त्याला जोड द्यायची त्या धंद्याची रीतच. हार घालताना शूट चुकलं तर नवरा-नवरीला पुन्हा उभं करायचं. तेही जमलं नाही तर दुसरीकडचा तुकडा लावायचा. एकदा पाठवणीच्या वेळी नवरीच्या आईचं रडणं टिपायचं राहून गेलं, तर यानं तिचं मंगलाष्टकांच्या वेळचं रडणं तिथं जोडलं. त्या बाईनं मुद्दाम फोन करून सांगितलं, माझं रडणं काय सुंदर घेतलं बेटा! मायलेक दोघंही त्या दिवशी पोट धरून हसली होती.

धान मळून झाले की गावात फुटबॉलची स्पर्धा भरायची. गेल्या वर्षी एका पेनल्टीवरून डोकी फुटता फुटता राहिली, म्हणून यंदा दुर्गेशच कमिटीकडे गेला. लग्नातला मोठा एलईडी पडदा भाड्यानं आणू, माझा कॅमेरा आहेच, शंका आली की रिप्ले दाखवू. कमिटीचा अध्यक्ष सेवकराम, त्याला कल्पना भारीच आवडली. "मंग कोणी बोंबलूनच दाखवावं," तो म्हणाला.

रेफ्री दरवर्षीचाच, शालीकराम उईके. वनखात्यात रोजंदारीवर आगीची राखण करणारा माणूस. बोलणं मोजकं, शिट्टी मात्र मैलभर ऐकू जाणारी. पडदा पाहून तो दुर्गेशला एवढंच म्हणाला होता, "बाबू, तुह्या मशीनले डोळे आहेत, पन मान कोन फिरवते तिची?" पोरं हसली होती.

फायनल गावची टीम आणि सडक अर्जुनीची टीम यांच्यात झाली. त्या एका दिवसासाठी चंदाच्या बचत गटानं आलुबोंड्यांचं दुकान लावलं होतं. सेवकरामनं जागा दिली ती नेमकी गोलपोस्टच्या मागची. लाल कापडाचा मंडप, दोन शेगड्या, आणि खेळाकडे पाठ करून तळणाऱ्या पाच बाया. सामना संपत आला असताना सडक अर्जुनीच्या उमेंद्रनं गोल मारला. फाटक्या जाळीतून चेंडू थेट मंडपात आला आणि चंदाच्या कढईला घासून गेला. ऑफसाइड होता की नव्हता, तिनं कुठून बघावं? ती तेल सांभाळत होती.

शालीकरामनं गोल दिला. लाइनमननंही ऑफसाइडचा झेंडा वर केला नव्हता. पण गावचं पब्लिक उठलं. "व्हिडिओ लाव! व्हिडिओ लाव!" बराच वेळ पडदा काळाच राहिला. मग त्यावर उमेंद्र दिसला, बचाव करणाऱ्यांच्या चांगला हातभर पुढे, आणि दुर्गेशनं ओढलेली लाल रेषा. गोल रद्द झाला. पुढे पेनल्टीवर गावची टीम जिंकली. मिरवणूक निघाली, आणि शालीकरामच्या अंगावर चपला पडल्या.

"किती घेतले बे?" कोणीतरी ओरडलं.

"मी जे पाह्यलो ते देलो," शालीकराम म्हणाला, आणि सायकल हातात धरून पायीच निघाला.

तेव्हापासून त्याचा फोटो मोबाईलवर फिरत होता, खाली लिहिलेलं, 'बिकाऊ रेफ्री'. रविवारी कमिटीची मीटिंग होती. त्याला मैदानावर कायमचं बंद करायचं, असं सेवकराम उघड बोलत होता. शिवाय असल्या माणसाला जंगलाच्या राखणीवर ठेवू नका, असा अर्ज वनखात्याच्या साहेबांकडे देणार होता तो.

शुक्रवारी गटाच्या बैठकीत शकुंतलाबाईनं मोबाईलवर तो रिप्ले पुन्हा लावला. "आपला दुर्गेश नसता तं चोरी पचली असती, बाई," ती कौतुकानं म्हणाली. सगळ्या बायांचे डोळे त्या लाल रेषेवर. चंदा मात्र फोन हातात घेऊन कडेला बघत होती, आपण कुठे दिसतो का म्हणून. हौसच ती. गोलपोस्टची जाळी दिसली. जाळीमागे मोकळं रान दिसलं, आणि खुंट्याला बांधलेली एक शेळी.

मंडप नव्हता. शेगड्या नव्हत्या. ती नव्हती.

चंदानं फोन शकुंतलाबाईच्या हातात परत दिला आणि चहा न घेताच उठली. रस्ताभर ती आठवत राहिली. फायनलच्या आधी, मंडप लागलेला नसताना, साखळी सामन्यात याच दोन टीम एकदा भिडल्या होत्या, तेव्हाही उमेंद्र असाच पुढे पळाला होता. त्या वेळी शालीकरामनंच शिट्टी वाजवून ऑफसाइड दिला होता. कोणी हूं की चूं केलं नव्हतं. म्हणजे त्या माणसानं स्वतः पकडलेला ऑफसाइड दाखवून त्यालाच चोर ठरवलं होतं.

दुर्गेश ओसरीवर कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावत होता.

"फायनलच्या रिप्लेत आमचा मंडप काऊन नाही रे?" तिनं चप्पल काढता काढता विचारलं.

त्याचा हात थांबला. "अँगल तसा होता."

"शेळी दिसते अन् मंडप दिसत नाही, असा कोणता अँगल?"

"तू पोलिसात लागली का, आई?"

"हाव, लागली. सांग आता."

मग थोडं थोडं करून निघालं. गोल झाला त्या वेळी कॅमेरा मैदानाकडे नव्हताच. स्टेजवर पाहुण्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार चालला होता आणि सेवकरामनं बजावलं होतं, सत्कार सुटला नाही पायजे. एवढं पब्लिक ओरडून राहिलं, सेवकराम खांद्याशी उभा, 'काहीतरी दाखव लवकर' म्हणत. दुर्गेशनं लग्नात करायचा तेच केलं.

"सेमच होता, आई. अस्साच पुढं होता तो. मले वाटलंच तसं."

"तू पाहिलं होतं का?"

दुर्गेशनं एक बॅटरी काढून पुन्हा लावली.

"सेवकरामला मालूम होतं, तो तुकडा जुना आहे म्हणून?"

"मले का मालूम."

"त्याच्या पुतणीच्या लग्नाची ऑर्डर तुला भेटली न? कधी भेटली? मॅचच्या आधी का मंग?"

"आई, ऑर्डरचा अन् याचा का संबंध?"

संबंध नसेलही. पण तिनं विचारलं होतं कधी, आणि ते त्यानं सांगितलं नव्हतं. जन्मभर ओळखीचा तो चेहरा चंदा निरखत राहिली. बंद खोलीत बसलेला माणूस कोणाचा, असं हाच पोरगा विचारायचा. ती पुढे झाली, कॅमेऱ्याचं झाकण उघडून आतलं कार्ड काढलं आणि मुठीत धरलं.

"हे का करून राहिली?"

"यात सत्काराचं शूटिंग आहे. वेळेसकट. उद्या ते राहील का नाही, मला सांगता येत नाही."

दुर्गेशचे डोळे भरले. "तुह्या पोरावर तुले एवढा शक? लोक दुकान फोडतील. कोणी लग्नाले बोलावणार नाही मले. मी रविवारी सांगतो न मीटिंगमध्ये."

"तिथं सेवकराम पुन्हा तुझ्या खांद्याशी उभा राहील. अन् तू पुन्हा काहीतरी दाखवशील."

तो गोल खरा होता की नव्हता, हे आता कोणालाच कधी कळणार नव्हतं. कमिटीला सांगावं तर कमिटी म्हणजे सेवकराम. सडक अर्जुनीवाल्यांना सांगावं तर रात्रीपर्यंत पोरं काठ्या घेऊन येतील. आणि दुधरामला विचारलं, तर तो म्हणेल, मी येतो तोवर थांब. तो येईपर्यंत रविवार उलटून गेला असता.

"शालीकभाऊचा नंबर दे."

"आई..."

"नंबर दे, दुर्गेश. आधी त्या माणसाला कळू दे. पुढं कोणाला काय सांगायचं, ते तो ठरवील. मी बोलते, तू इथंच बस. त्यानं तुला मागितलं तर फोन हातात घ्यायचा."

त्यानं खाली मान घालून आपला मोबाईल तिच्याकडे सरकवला. नंबर 'रेफ्री' नावानं होता. कार्डाची मूठ न सोडता, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं चंदानं तो लावला.