निकालपत्रं वाचणाऱ्या बाई

जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या मोफत कायदा सल्ला केंद्रात दर मंगळवारी आम्ही शेजारी बसतो. मी अर्ज भरते, त्या निकालपत्रं वाचतात. पुण्यात वकिली केलेल्या, साठीच्या बाई. तुरुंगातून सुटलेल्या माणसाने निकालपत्र पुढे केलं, की त्या फक्त शिक्षेचा मजकूर वाचतात आणि गुन्ह्याच्या वर्णनाची पानं चष्म्याच्या डबीखाली दाबून ठेवतात. मी एकदा डोकावले, तर म्हणाल्या, "अहो, जावई करायचाय का तुम्हाला?"

निवडणुकीआधी एक गृहस्थ आले. शिक्षेबरोबर आपलं मतही गेलं, असं ते कित्येक वर्षं धरून चालले होते. बाईंनी त्यांनाच तो मजकूर मोठ्याने वाचायला लावला. मताधिकार काढल्याचा शब्दही त्यात नव्हता. पण ते मित्राकडे राहत होते, पत्ता नोंदवलेला नव्हता, म्हणून मतदारयादीत नाव नव्हतं. ते घालून घेण्याचा अर्ज देण्याचा तो शेवटचा दिवस होता.

"पोस्टावर भरवसा नको," म्हणत बाईंनी कोट चढवला. आम्ही तिघं ट्रामने निवडणूक कार्यालयात गेलो आणि अर्ज देऊन पोच घेतली.

बाहेर येताना गृहस्थांनी बाईंना विचारलं, "तुम्ही कोणाला मत देणार?"

"मला इथे मत नाही. माझा पासपोर्ट भारताचा आहे."

ते थबकले. मग म्हणाले, "तर माझं घ्या. सांगाल त्यांना देतो."

बाईंना एवढं चिडलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

"खबरदार! मला सांगायचंसुद्धा नाही कोणाला दिलंत ते."