पुसलेले आकडे आणि हळदीचा हात

आमच्या घरी नवस बोलायची सोय नाही. वडिलांनी छप्पन्न साली धम्म घेतला, देव्हारा उतरवला आणि त्या जागी बुद्धाची तसबीर लावली. तिच्यापुढे हात जोडायचे, पण काही मागायचं नाही, हे मी लहानपणीच शिकलो. एरवी मला त्याचा अभिमान होता. पण माझी बायको सुमन गेली, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की निदान भांडायला तरी कुणी वर बसलेला हवा होता. संध्याकाळची वंदना ती म्हणायची आणि मी तिच्या मागून म्हणायचो. ती गेल्यावर मी तसबिरीपुढे बसायचो, तोंड उघडायचो, पण सुरुवातच व्हायची नाही. पंचवीस वर्षं मागून म्हणणाऱ्या माणसाला पहिला शब्द काढता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मी साताऱ्यात घरं रंगवण्याचं काम करतो. मूलबाळ नसल्यामुळे सुमन माझ्याबरोबरच कामावर यायची. भिंती घासायची, भेगांत लांबी भरायची, रंगाचे डबे फोडायची. नव्वदनंतर एका रंगाच्या कंपनीने डब्यात प्लॅस्टिकच्या गोल पांढऱ्या चकत्या टाकायला सुरुवात केली. प्रत्येकीवर आकडा छापलेला, म्हणजे तेवढे गुण. गुण साठवले की बक्षीस मिळायचं. बाकीचे पेंटर मनगटी घड्याळ घेऊन मोकळे व्हायचे, फार तर मिक्सर. सुमनने मात्र यादीतलं शेवटचं बक्षीस धरून ठेवलं होतं. दोन माणसांचं, देशात कुठेही जायचं, जाऊन-येऊन रेल्वेचं तिकीट. तिला बोधगयेला जायचं होतं, त्या झाडाखाली बसायचं होतं. मी म्हणायचो, “तवर आपुन म्हातारं हून मरू.” त्यावर ती म्हणायची, “तुमी मरा, मी जाते.” आणि हसायची. पुढे सहा वर्षं ती चकत्या बिस्किटाच्या डब्यात टाकत राहिली. आणि शेवटी कावीळ झाली ती तिलाच.

ती गेल्यानंतर चार-पाच महिन्यांनी दुकानदाराने सांगितलं की योजना या महिन्याअखेर बंद होते आहे. एवढ्या मोठ्या बक्षिसाचं काम त्याच्या हातात नव्हतं. कंपनीचे साहेब सांगलीच्या गोदामात महिन्यातून एकदाच बसायचे, तेही शेवटच्या तारखेला. मी आदल्या संध्याकाळी तिचा डबा उघडला. गुण पुरे भरत होते. पण चकत्यांवर रंगाचे थर बसले होते. निळे, पिस्ता, विटकरी, आम्ही दोघांनी रंगवलेल्या सगळ्या घरांचे. साहेबासमोर असा कचरा कसा न्यायचा? पेंटरचा हात दुसरीकडे कुठे जाणार! ब्रश असो, हात असो, कामावरून आलं की सगळं टर्पेंटाईनमध्ये. तशाच चकत्या भिजत घातल्या. सकाळी काढल्या तर रंग गेला होता आणि त्याबरोबर छापलेले आकडेही गेले होते. सगळ्या चकत्या पांढऱ्याफटक. मी त्या फडक्यावर पसरून कितीतरी वेळ बघत बसलो. तिने सहा वर्षं सांभाळलेलं मी एका रात्रीत धुऊन टाकलं होतं. त्या दिवशी मी स्वतःला जितक्या शिव्या दिल्या, तितक्या आयुष्यात कुणाला दिल्या नसतील.

तरीही एसटीत बसलो. कशाच्या आशेवर, ते विचारू नका. कऱ्हाड गेलं, उसाची रानं गेली, शेजारच्या माणसाने दोनदा बोलायचा प्रयत्न केला, मी खिडकीकडे तोंड करून बसलो. सांगलीत गोदाम गाठलं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने चार-पाच चकत्या उलटसुलट करून बघितल्या आणि म्हणाला, “पेंटर, ह्याच्यावर काहीच नाही. मी वर काय दाखवू?” त्याचं बरोबर होतं. मी पिशवी उचलून बाहेर आलो.

गोदामाला लागूनच हळदीचा बाजार आहे. भिंतीच्या सावलीत हळद निवडणाऱ्या बायका भाकरी खायला बसल्या होत्या. मी थोडा लांब टेकलो आणि चकत्या ओंजळीत घेऊन नुसत्या चाळवत राहिलो. त्यांच्यातली एक म्हातारी भाकरी संपवून जवळ आली. कोपरापर्यंत पिवळी.

“कसली बटनं हायती रं दादा?”

“बटनं न्हाईत मावशी. आकडं हुतं ह्यावर. माझ्या हातनं पुसलं.” आणि मग कुणी न विचारता मी सगळंच सांगून टाकलं. सुमन, डबा, गया, सगळं. सांगता सांगता रडू आलं. इतक्या महिन्यांत ते कुणासमोर आलं नव्हतं.

तिने मला समजावलं वगैरे काही नाही. एक चकती उचलली, आणि माझं ऐकत असताना अंगठ्याने सहज चोळत बसली. मग माझ्यापुढे धरली. “ह्ये काय उठलंय बग. मला वाचता येत न्हाई.”

पांढऱ्या प्लॅस्टिकवर पिवळ्या रेषेत पाचाचा आकडा उभा होता. छापताना ठसा दाबला गेला असणार. शाई गेली तरी त्याची बारीक खाच राहिली होती आणि हळद नेमकी तिच्यात बसली होती. मी पाट्याही रंगवतो, अक्षरांवर माझं पोट आहे, पण ती खाच मला दिसली नव्हती. म्हातारीने हाक मारली, तशा आणखी दोघी-तिघी आल्या, आणि सगळ्यांनी मिळून पिवळ्या बोटांनी चकती न् चकती चोळली. माझा हात लागला की म्हातारी ओरडायची, “तू ऱ्हाऊ दे गड्या, तुझं हात लय धुतल्यालं हायती.”

मी परत गोदामात गेलो. साहेबाने चकत्या उजेडात धरून एकेक तपासली, वास घेतला आणि हसला. मग अर्ज काढला. त्यात दोन नावांसाठी दोन ओळी होत्या. मी म्हणालो, “एकच लिहा.” त्याने वर बघितलं आणि दुसरी ओळ खोडली. बाहेर येऊन बघतो तर बायका कामावर गेल्या होत्या. मी म्हातारीला नावही विचारलं नव्हतं.

दोन गाड्या बदलून मी एकटा गयेला गेलो. वाटेत काही चांगलं दिसलं की शेजारी वळून सांगायला जायचो. झाडाखाली बसलो, हात जोडले, आणि तिथेही तेच. पहिला शब्द निघेना. इतक्या लांब येऊन मुक्याने परत जायचं की काय, म्हणून जीव घाबरा झाला. तेवढ्यात मागे पांढऱ्या कपड्यांतली माणसं येऊन बसली. श्रीलंकेची होती म्हणे. त्यांची भाषा मला एका शब्दाने कळत नव्हती. पण त्यांच्यातल्या एका बाईने वंदना सुरू केली आणि ती तीच होती, पालीतली, शब्द न् शब्द सुमन म्हणायची तीच. त्या बाईच्या मागून मी म्हणू लागलो. ‘सरणं गच्छामि’, शरण जातो, हे आजवर मी नुसतं तोंडाने म्हणत होतो. तिथे वाटलं, सुरुवात आपण करायची नसते. कुणीतरी केलेली असते, आपण मागून आवाज मिळवायचा.

येताना झाडाचं गळलेलं एक पान आणलं आणि ते घेऊन सांगलीला गेलो. हळदीच्या बाजारात बायकांच्या रांगा बसल्या होत्या, तोंडाला फडकी बांधलेली, नुसते डोळे दिसत होते. मी रांगेने फिरलो, म्हातारी काही ओळखू येईना. शेवटी एकीने विचारलं, “कुनाला हुडकताय, दादा?”

म्हटलं, “नाव ठावं न्हाई. हात पिवळं हुतं.”

ती हसायला लागली. “आवं, समद्यांचंच पिवळं हायती.”

मग ते पान मी तिच्याच हातात दिलं.