तांबडीचे लांब ठेवलेले खूर

पंचगंगेच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला आकाराम नालबंदाचं पत्र्याचं शेड आहे. चाळीस वर्षं हा माणूस घोड्याचा पाय मांडीत धरून वाकलेला. आता वाकला की उठवत नाही आणि उठला की वाकवत नाही. जिल्ह्यातल्या यात्रांना घोडागाड्यांच्या शर्यती लागतात, त्यातल्या कितीतरी घोड्यांच्या पायांत त्यानंच ठोकलेले नाल. पण कंटाळलाय पार. घोड्यांना नाही हो, घोडेवाल्यांना! जो येईल तो ह्यालाच शिकवणार.

दीड महिन्यापूर्वी अमरसिंह आपली तांबडी घोडी घेऊन आला, तेव्हा त्यानंही शिकवलं. "काका, खूर म्होरनं तासू नगासा. लांबच ऱ्हाऊ द्या. खूर लांब, तर टांग लांब पडती."

शर्यतवाल्यांचं हे खूळ जुनंच. खूर पुढून वाढला की टाच खाली बसते, पाय जमिनीवरून सुटायला उशीर लागतो आणि तो सगळा ताण पायामागच्या शिरेवर येतो. टांग लांब पडायची राहिली बाजूला, घोडंच लंगडून बसतं. आकारामला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं हे सांगितलं असतं. पण त्या दिवसातलं ते पाचवं जनावर, कंबर धरलेली, आणि ह्याच गोष्टीवर जन्मभर भांडून जीव विटलेला. ऐकतंय कोण? जाऊ दे, मरू दे, म्हणून तो गप बसला आणि लांब खुरावरच नाल ठोकले.

काल अमरसिंह परत आला. परवावर शर्यत. घोडी टेम्पोतून उतरली आणि चार पावलांतच आकारामच्या ध्यानात आलं. तांबडीची ती ऐसपैस चाल गेली होती. पुढचा उजवा पाय ती टेकल्यासारखा करून लगेच उचलत होती. त्यानं गुडघ्याखालच्या नळीच्या मागून हात फिरवला. शीर सुजलेली, गरम.

"नवीन नाल मारा काका. दुखणं मारायची सुई डॉक्टर देतोय. एवढी शर्यत निघू दे," अमरसिंह म्हणाला.

आकारामनं आधी जुने नाल उपटले. कानस घेऊन पुढं वाढलेला खूर घासून मागं आणला. मग म्हणाला, "सहा म्हैनं गाडीला जुपायची न्हाय. पळवलीस तर शीर तुटंल."

"मग मी इचलकरंजीच्या केरबाकडनं मारून घेतो की!" अमरसिंहानं तिथल्या तिथं त्या नालबंदाला फोन लावला. आकारामनं फोन मागून घेतला.

"केरबा, ह्या घोडीला हात लावू नगंस. शीर दुखावलीया. लांब खुरावर नाल मारलाय."

"कुठल्या शाण्यानं मारला?"

शेडात आणखी दोन घोडेवाले उभे होते. आकारामनं त्यांच्याकडं बघितलं. "म्या."

"तुमी, काका?" केरबा म्हणाला. "न्हाय लावत मी हात."

झालं! चाळीस वर्षांचं नाव एका शब्दात गेलं. आकारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण घोडीचा पाय वाचला.

आता अमरसिंह शिव्या घालणार, असं त्याला वाटलं. अमरसिंह घोडीच्या मानेवर हात ठेवून नुसता उभा होता.

"तुमाला ठावं हुतं, काका?"

"व्हय."

"मग त्या दिशी एकदा न्हाय म्हणायचं की. तुमचं ऐकलं असतं मी."

ऐकलं असतं का नसतं, कुणाला ठाऊक. आकारामनं सांगूनच बघितलं नव्हतं.