करवतीचे दात

वरोऱ्याच्या भंगारवाल्याकडून मी लाकूड तिरपं कापायचा जुना लोखंडी साचा आणला, त्याच्या करवतीसकट. आठवडाभर रॉकेलनं गंज काढला, कानशीनं एकेक दात घासला. मग सागाच्या फ्रेमचे कोपरे फट न राहता जुळू लागले. शेजारी राहणारा माझा मोठा भाऊ मशीनवर सुतारकाम करतो. तो हसला, "हा कचरा काऊन आणला?"

एका दुपारी बाजारातून आलो, तर तो माझ्याच करवतीनं लोखंडी सळई कापत होता. दात पार झिजले होते.

"लाइन गेली होती. कापाचंच तं होतं," तो म्हणाला.

मी करवत हिसकावली. "भाऊ, पुन्हा इथी पाय ठेवू नोको."

दात मी परत घासले. त्याच्याशी अजून बोलत नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.