शड्डूची थाप

गावच्या जत्रेत वडील कुस्ती खेळले होते, त्याची एकच डीव्हीडी आमच्या घरात होती. आता हयात नसलेल्या आजोबांचा, आमच्या आबांचा, आवाज फक्त तिच्यातच उरला होता. ती अडकायला लागली म्हणून सुट्टीत मी मिरजेच्या कॉलेजातून मैत्रिणीचा लॅपटॉप घरी आणला आणि सगळं त्यावर उतरवून घेतलं. पण आवाज चित्राच्या मागे पडला. आखाड्याच्या कडेला आबा तोंड उघडायचे आणि हाक नंतर यायची.

वडील हसले. "अगं, म्या गडी चीत करून उठलो, आन् लोक आत्ता वरडत्यात व्हय?" मग हळूच म्हणाले, "आबांचं तेवढं नीट हुईल का गं?"

मला खात्री नव्हती. आबांच्या ओठांवरून अंदाज लागेना. तेवढ्यात कुस्तीआधीचा शड्डू दिसला. वडिलांचा तळवा मांडीवर आपटला, त्याच क्षणी थाप ऐकू येईपर्यंत मी आवाज थोडा थोडा पुढे ओढला. मग चित्र तसंच चालू दिलं.

आबांनी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी हाक आली, "सोडू नगंस रं!"

मी जुळवली होती ती फक्त एक थाप.

शेजारी वडील ताठ बसले होते. "न्हाई सोडत, आबा," ते म्हणाले.