दसऱ्यानंतर गप्प झालेला कॉम्प्युटर

चिमाजींच्या हाताला म्हणे मशीन घाबरायचं. असं कोण म्हणे? तर चिमाजीच. चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा ठोकणाऱ्या मशीनांपाशी, मेंटेनन्स फिटर म्हणून उभा जन्म गेला, रिटायर होऊन दिघीच्या घरी बसले, तरी बोटं काही स्वस्थ बसेनात. मिक्सर, इस्त्री, शेजारणीचं शिलाई मशीन, हाताशी येईल ते उघडायचे. बहुतेक वेळा ते परत चालूही व्हायचं, हे कबूल केलं पाहिजे. शेवटी एखादा स्क्रू उरलाच तर म्हणायचे, हा कंपनीनं उगाच जास्तीचा लावला होता. त्यांच्या बायकोनं, यशोदाबाईंनी, असल्या जास्तीच्या स्क्रूंची एक लोणच्याची बरणी भरत आणली होती. आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायच्या.

त्यांची सून सुप्रिया. लेक झाल्यावर तिची अकाउंटची नोकरी सुटली ती सुटलीच. आता पोरगी बालवाडीत जायला लागली आणि हिंजवडीच्या एका ऑफिसनं घरी बसून करायचं काम देऊ केलं. अट एकच. दसरा झाला की पुढच्या सोमवारी घरच्या कॉम्प्युटरवर परीक्षा द्यायची, सलग दोन तास. मध्येच कॉम्प्युटर बंद पडला की पेपर तिथंच संपला, पुन्हा बसू देणार नाहीत.

मुलगा धनेश म्हणत होता, नवा घेऊ हप्त्यांवर. चिमाजींनी त्याला उडवूनच लावलं. घरात फिटर असताना नवा कशाला? मग शेजारचा सनी मदतीला आला. तो हिंजवडीला कंपनीची कॅब चालवतो, गाडीत दिवसभर कॉम्प्युटरचीच बोलणी ऐकतो, त्यामुळे आपल्यालाही त्यातलं सगळं कळतं असं त्याला वाटतं. एका ऑफिसनं काढून टाकलेला जुना कॉम्प्युटर त्यानं आणून दिला. टेबलावर स्क्रीन, शेजारी मोठा डबा. चालू केला की म्हातारी स्तोत्र पुटपुटते तसा डबा गुणगुणायचा. पण चालायचा झकास. सुप्रियाचा सराव सुरू झाला.

तेवढ्यात दसरा आला. आता पूजा म्हटलं की चिमाजींची रीत वेगळी. कंपनीत बाकीचे मशीनला बाहेरून हार घालून मोकळे व्हायचे. हे मात्र झाकण उघडून आत मोटरलाच कुंकू लावायचे. म्हणायचे, टिळा कपाळाला लावतात, घराच्या दाराला लावून माणसाचा मान होतो का? तसंच त्यांनी कॉम्प्युटरचा डबा बाजूनं उघडला, आत हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल वाहिलं आणि झाकण लावून टाकलं. नारळही तिथंच फोडणार होते, तो यशोदाबाईंनी काढून स्वयंपाकघरात नेला.

पूजा झाल्यावर डबा एकदम शांत चालतोय, असं सुप्रिया म्हणाली. चिमाजी खूश. म्हणाले, बघा, पूजा लागू पडली.

आणि त्याच दिवसापासून तो हँग व्हायला लागला. इकडे कुकर चढवावा, तिकडे सुप्रियानं सरावाला बसावं, शिट्ट्या होईपर्यंत सगळं बरं. मग स्क्रीनवरचा बाण जागच्या जागी थांबायचा. काही दाबा, हलवा, ढिम्म.

चिमाजींनी कंबर कसली. आधी प्लग बदलला. मग टेबल डुगडुगतं म्हणून पायाखाली पुठ्ठा घातला. मशीनला शिफ्टनंतर विश्रांती लागते म्हणून दुपारभर बंद ठेवला. सनीनं येऊन व्हायरस असल्याचं सांगितलं आणि होतं नव्हतं ते पुसून सगळं नव्यानं भरलं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, बाण थांबला. शेवटी चिमाजींनी स्क्रूड्रायव्हरचं टोक डब्याला आणि मूठ कानाला लावली. कंपनीत असंच ऐकून ते बेअरिंगचा आजार ओळखायचे. डोळे मिटून म्हणाले, आत काही आवाज नाही, सगळं ठीक आहे. आता प्रेसच्या दणक्यात त्यांचे कान गेलेले. घरातला टीव्ही कोपऱ्यावरच्या दुकानदाराला फुकट ऐकू येतो. पण हे त्यांना सांगायचं कुणी?

रविवारी जेवताना सुप्रिया हळूच म्हणाली, "मामा, राहू द्या आता. पुढं कधीतरी बघू."

तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. म्हणूनच ते चिमाजींना लागलं. नवा नको म्हणणारे तेच होते. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले.

दुपारी यशोदाबाई टेबल पुसायला गेल्या आणि डब्यावरचा हात झटकन मागे घेतला. "अहो, हा तव्यासारखा तापलाय. आणि पहिल्यासारखा गुणगुणत का नाही?"

"चांगलंच आहे की. शांत झालाय."

"चांगलं कसलं? बोलकं माणूस अचानक गप्प झालं तर आपण विचारतो ना, काय झालं म्हणून? कधीपासून गप्प आहे हा?"

दसऱ्यापासून, असं सांगायला चिमाजींनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

सुप्रियाला त्यांनी भाजीला पिटाळलं. वायर काढून डबा उघडला. आत एक लहानसा पंखा होता, डब्याला गार ठेवणारा. त्यालाच मोटर समजून त्यांनी मान दिला होता. झेंडूचा देठ पात्यांत आडवा बसलेला, अक्षता कुंकवासकट घट्ट चिकटलेल्या. यशोदाबाईंच्या केसांतल्या आकड्यानं एकेक दाणा काढला. मग चालू करून पाहिला. आवाज काही चिमाजींना आला नाही. त्यांनी तळवा पुढं धरला आणि वारा लागल्यावर खांदे सैल सोडले.

"सुप्रियाला सांगू नको. कचरा अडकला होता म्हण."

"देवाच्या फुलाला कचरा म्हणू?"

सोमवारी झाकण उघडंच ठेवलं. सुप्रिया पेपर देत होती आणि चिमाजी शेजारी स्टुलावर, पंख्यापाशी तळवा धरून, आजाऱ्याचा श्वास बघावा तसे बसले होते. हात अवघडला की दुसरा धरायचे. यशोदाबाईंनी त्या दिवशी कुकर लावलाच नाही.

पेपर संपला तशी सुप्रिया खुर्चीतून उठून हसली. "मामा, एकदाही थांबला नाही. काय झालं होतं त्याला?"

चिमाजींनी बायकोकडे पाहिलं. ती मेथी निवडत होती.

"काही नाही गं," यशोदाबाई म्हणाल्या, "यांनी त्याचा जरा जास्तच मानपान केला. अवघडला होता बिचारा."

सुप्रियाचं काम सुरू झालं. डबा दिवसभर गुणगुणतो. बरणीत आता स्क्रूंच्या वर एक वाळका झेंडू आहे. पाहुणे विचारतात, हे फूल कशाचं? यशोदाबाई सावकाश चिमाजींकडे बघतात, आणि चिमाजींना नेमकं तेवढंच ऐकू येत नाही.