कॅशे साफ केली तो गुरुवार

अंबडच्या आमच्या कारखान्यात एक नियम आहे आणि तो मोडलेला मला खपत नाही. सकाळी मशीनवर पहिला पीस निघाला की तो मी तपासायचा. मी ओके म्हटलं तर मशीन चालणार, नाहीतर ऑपरेटरने हात बांधून उभं राहायचं. बावीस वर्षं मी हे काम करतेय. आधी रजिस्टरमध्ये सही करायचे. मग ऑफिसच्या चॅटचं अॅप आलं आणि सहीच्या जागी ग्रुपवर ‘ओके’ लिहिणं आलं. ऑपरेटर शॉपमधल्या कॉम्प्युटरवरून पीसचा फोटो टाकणार, मी मशीनपाशी जाऊन गेज लावून माप तपासणार आणि टेबलाशी परत येऊन ओके टाइप करणार. लेखी ओके नसेल तर माल घेणार नाही, असं गिऱ्हाइकाने बजावलेलं.

त्या गुरुवारी सकाळी अॅप उघडलं तर नुसता पांढरा पडदा. मधोमध एक गोल फिरतोय. चहा आला, चहा गार झाला, गोल फिरतोच आहे. मोबाइल गेटवर जमा असतात. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरून लिहावं तर ते त्याच्या नावाने पडणार, तेही चालत नाही.

आमचे नवे प्लांट मॅनेजर दारात येऊन उभे राहिले. माझ्या मुलाच्या वयाचे असतील. म्हणाले, “मॅडम, कॉम्प्युटरचं झेपत नसेल तर तसं सांगा. आजचा ओके मी पुण्याच्या हेड ऑफिसकडून मागवतो. जमलं तर पुढेही तिकडूनच घेत जाऊ. फोटो बघूनच तर द्यायचाय.”

फोटो बघून! अहो, भोकाचा व्यास फोटोत दिसतो का कुठे? पण बोलायला गेले असते तर रडू आलं असतं, आणि त्यांच्यासमोर तर मी मेले तरी रडणार नव्हते. बावीस वर्षांचं माझं काम एका फिरणाऱ्या गोलामुळे हातातून चाललं होतं. रागाच्या भरात गेज ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर धाडकन लावला. घ्या म्हटलं पुण्याहून, बघू काय दिवे लावता ते.

पाच मिनिटांनी राग उतरला आणि मी टेबलावरचा फोन उचलून हेड ऑफिसच्या आयटीवाल्यांना लावला. आता आमची सुट्टी शनिवारी आणि पुण्याची गुरुवारी, हे माझ्या लक्षातच नाही. फोन आयटीवाल्याच्या घरी वळवलेला होता. मागे कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या. बिचारा चांगला होता, म्हणाला, “मॅडम, कॅशे क्लिअर करा.”

“ते काय असतं दादा?”

“अॅप जुन्या फोटोंच्या, मेसेजच्या प्रती तुमच्या कॉम्प्युटरमध्ये साठवून ठेवतं. पटकन उघडावं म्हणून. त्या खराब झाल्या की असं अडकतं. पुसून टाकायच्या.”

पुसून टाकायच्या म्हटल्यावर मी माउसवरचा हात काढून घेतला. “आणि माझे सगळे जुने ओके? ते पण जातील?”

“नाही हो, ते सर्व्हरवर आहेत.”

“नक्की?”

“नक्की मॅडम.”

मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो हसला. हसू दे. मी तपासणीची वही उघडली, त्याला म्हटलं सावकाश सांगा, आणि एकेक पायरी लिहून घेतली. कोणती दोन बटणं एकत्र दाबायची, कोणता शब्द टाइप करायचा, कोणत्या फोल्डरच्या आत कोणतं फोल्डर. प्रत्येक पायरी झाली की पुढे टिकमार्क. अॅप बंद करायचं, तेही केलं. शेवटी कॅशे नावाचं फोल्डर सापडलं. त्यातलं सगळं निवडून डिलीट दाबलं, तर कॉम्प्युटर म्हणतो, होणार नाही, फाइल दुसरीकडे उघडी आहे.

“अॅप बंद केलंत ना?”

“केलंय. वरची फुली दाबून.”

“मग कठीण आहे. उद्या कुणाला तरी पाठवतो, सगळं फॉरमॅटच करावं लागेल.” आणि फोन ठेवला.

उद्या! उद्यापर्यंत पुण्याचा ओके इथे ठाण मांडून बसला असता. मी वहीकडे बघत राहिले. फाइल उघडी आहे म्हणजे कुणीतरी ती धरून बसलंय. आमच्याकडे लाल बटण दाबलं की मशीन थांबते, पण तेवढ्यावर कुणी आत हात घालत नाही. पॅनेलवरचा मेन स्विच बंद करायचा, मगच हात. यावरून मी भल्याभल्यांना झापलंय. मग ही फुली म्हणजे नुसतं लाल बटण तर नव्हे? याचा मेन कुठाय?

शोधलं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी एक बारीक बाण होता. दाबला, तर आत अॅपचं चित्र मजेत बसलेलं. “अगं बाई, तू इथे आहेस होय!” मी मोठ्यानेच म्हणाले. उजवं बटण दाबून क्विट केलं. परत डिलीट दाबलं आणि सगळा कचरा एका झटक्यात गेला.

अॅप उघडलं. पासवर्ड मागितला. दोनदा चुकला. मग एकेक करून मेसेज पडायला लागले. आधी वर वर जात माझा सगळ्यात जुना ओके शोधला. होता. जिवात जीव आला.

मग खाली आले. सकाळचा एकच फोटो होता, तीन नंबरच्या मशीनचा; बाकीच्यांवर रात्रपाळीचाच माल चालू होता. त्याखाली मॅनेजरसाहेबांचा मेसेज, पुणे, प्लीज अप्रूव्ह. त्याखाली पुण्याचा ओके आणि अंगठा. सुट्टीच्या दिवशी घरी पोहे खाता खाता दिला असणार. आणि त्याखाली तीन नंबरच्या ऑपरेटरने लिहिलं होतं, “ताईंनी पीस बघितला नाय. मशीन लावणार नाय.”

हा पेठ तालुक्यातला माणूस. दिवसभरात दोन वाक्यं बोलला तर खूप. त्याच्याइतके पीस मी दुसऱ्या कुणाचे परत पाठवले नसतील, आणि त्याच्याइतकी माझी भांडणंही कुणाशी झाली नाहीत. आत्ता कुठे माझ्या लक्षात आलं, सकाळपासून तीन नंबरचा आवाजच नव्हता.

ड्रॉवर उघडला आणि गेज घेऊन तडक आत गेले. त्याने पीस पुढे केला. गेजचं एक टोक भोकात जायला हवं, ते गेलं. दुसरं टोक जाता कामा नये. तेही अलगद आत गेलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

परत आले आणि पुण्याच्या अंगठ्याखाली लिहिलं, “नॉट ओके. भोक मोठं आहे. टूल बदला.”

पाच मिनिटांत मॅनेजरसाहेब दारात. मी म्हटलं आता काय? तर म्हणाले, “मॅडम, ते कॅशेचं मलाही लिहून देता का? माझंही कधीपासून अडकतंय.” पुण्याचं नाव त्यांनी काढलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. मी वहीत पाहून पायऱ्या नीट उतरवून दिल्या. वर ठळक अक्षरात लिहिलं, आधी मेन बंद करा. खाली माझी सही केली, पूर्वी रजिस्टरमध्ये करायचे तशी.

टूल बदललं, नवा पीस आला, मी गेज लावलं. या वेळी दुसरं टोक बाहेरच अडलं. टेबलाशी येऊन ओके लिहिलं आणि कान देऊन बसले. तीन नंबरचा आवाज सुरू झाला. खोटं कशाला सांगू, सकाळपासून अडवून ठेवलेलं रडू तेव्हा आलं.